जेलवर एक पट्टी, आत दोन धातू

बडोद्यातील एका जीवरसायन प्रयोगशाळेत पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीच्या टेबलावर एप्रिलअखेर तीन कागद पडले होते. पहिला जेलचा, म्हणजे प्रथिने आकारानुसार वेगळी करून दाखवणाऱ्या चाचणीचा, फोटो : ३१ किलोडाल्टनच्या (रेणूच्या वजनाचे एकक) आसपास एकच ठसठशीत पट्टी. दुसरा क्रियाशीलतेचा तक्ता : प्रथिन शुद्ध करणाऱ्या निकेलच्या कॉलमवरून उतरलेले एन्झाइम ८४ टक्के, डायलिसिसनंतर, म्हणजे सच्छिद्र पिशवीत ठेवून भोवतालचे द्रावण बदलल्यावर, तेच एन्झाइम ३५ टक्के. तिसरा बाहेरगावी काढून आणलेला एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात अणूंच्या केंद्रकांचे सिग्नल टिपणारी पद्धत) स्पेक्ट्रम. त्यात क्रियाकेंद्राभोवतीच्या (एन्झाइम जिथे काम करते त्या जागेभोवतीच्या) अमिनो आम्लांचे बरेच सिग्नल गायब होते.

प्रथिन होते मानवी कार्बोनिक अनहायड्रेज २. कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापासून बायकार्बोनेट करणारे हे एन्झाइम सेकंदाला सुमारे दहा लाख फेरे मारते. क्रियाकेंद्रात जस्ताचा एक आयन असतो. तो हिस्टिडीन ९४, ९६ आणि ११९ या तिघांनी धरलेला असतो आणि त्याच्या चौथ्या हाताला पाण्याचा एक रेणू. प्रकल्प होता सल्फोनामाइड गटातली औषधे या जस्ताला कशी बिलगतात हे एनएमआरने पाहण्याचा. त्यासाठी नायट्रोजन-१५ने चिन्हांकित केलेले प्रथिन लागते, आणि ते करायला जिवाणू एलबीसारख्या सढळ माध्यमात वाढवून चालत नाही. एम९ हे मोजूनमापून बनवलेले माध्यम घ्यावे लागते. चिन्हांकित अमोनियम क्लोराइड महाग, त्यामुळे बॅच वाया जाणे म्हणजे नुसता वेळ वाया जाणे नव्हे.

तिन्ही कागदांना जोडणारी एक कथा तयारही झाली होती : क्रियाकेंद्र लवचीक आहे, म्हणून सिग्नल पसरतात, आणि डायलिसिसमध्ये जस्त सुटते, म्हणून क्रियाशीलता उतरते. कथा देखणी होती. परिषदेसाठीचा सारांशही लिहून झाला होता.

पहिला संशय ईडीटीएवर गेला. पेशी फोडताना टाकलेल्या प्रोटिएज-रोधक (प्रथिने तोडणाऱ्या एन्झाइमांना रोखणाऱ्या) गोळीत ईडीटीए होते आणि डायलिसिसच्या बफरमध्येही (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणातही) सवयीने १ मिलिमोलर टाकले होते. ईडीटीए धातू ओढते हे बीएस्सीचा विद्यार्थीही सांगेल. पण या एन्झाइमच्या बाबतीत हे उत्तर पुरत नाही. जस्तावरची त्याची पकड पिकोमोलर दर्जाची आहे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे जस्त सुटण्याचा वेग अतिशय मंद आहे. क्रियाकेंद्र शंकूसारख्या खोल खड्ड्याच्या तळाशी आहे. ईडीटीएसारखा पसरट रेणू तिथवर नीट पोचत नाही. म्हणून या एन्झाइममधून जस्त काढायला डायपिकोलिनिक आम्ल वापरतात. तो लहान आणि चपटा रेणू असल्याने आत शिरून जस्त उचलून आणतो. एका रात्रीच्या ईडीटीए डायलिसिसने निम्म्याहून जास्त जस्त गेले असते, तर नवल मानावे लागले असते. ज्या प्रथिनांत जस्त पृष्ठभागाजवळ असते, तिथे मात्र हाच संशय पहिल्याच दिवशी खरा ठरू शकतो. धातू-एन्झाइमांचे सामान्य नियम बांधायला गेले की असे हात पोळतात.

वळण आले ते एका साध्या प्रश्नाने. मार्गदर्शक मॅडमनी तक्ता पाहून विचारले, "अगं, ॲसिटाझोलामाइड घालून बघितलंस का?" बघितले नव्हते. हे याच एन्झाइमला बंद पाडणारे सल्फोनामाइड औषध.

क्रियाशीलता मोजली होती पॅरा-नायट्रोफिनाइल ॲसिटेटच्या विघटनावरून. खरे तर हे या एन्झाइमचे जोडकाम, पण स्पेक्ट्रोफोटोमीटरवर सोपे. पद्धत अशी : १ मिलिलिटर बफर, पीएच ७.६, २५ अंश. ॲसिटोनायट्राइलमध्ये विरघळवलेले सब्स्ट्रेट, म्हणजे हेच ॲसिटेट, अंतिम ०.५ मिलिमोलर होईल इतके. एन्झाइम १ मायक्रोमोलर. ३४८ नॅनोमीटरवर दर मिनिटाची वाढ. ४०० नॅनोमीटरवर उत्पादनाचा पिवळा रंग जास्त गडद दिसतो, पण तिथले मोजमाप पीएचबरोबर हलते. ३४८वर ती कटकट नाही. एन्झाइमचा छापील वेग सुमारे २,५०० प्रति मोलर प्रति सेकंद धरला, तर या प्रमाणात मिनिटाला ७५ मायक्रोमोल प्रतिलिटर उत्पादन व्हायला हवे. ३४८ नॅनोमीटरला एका मिलिमोलरमागे ५.० असा शोषणांक धरला की शोषणातली वाढ येते मिनिटाला ०.३७. तिच्या तक्त्यातले १०० टक्के म्हणजे हे.

नमुना कॉलमवरून उतरल्या उतरल्या मोजला होता. १०० मायक्रोमोलर प्रथिनाचे १० मायक्रोलिटर १ मिलिलिटरमध्ये टाकले की एन्झाइम १ मायक्रोमोलर होते, बरोबर. पण त्याच थेंबाबरोबर उतारा-बफरमधले (कॉलमवरून प्रथिन उतरवणाऱ्या द्रावणातले) २५० मिलिमोलर इमिडाझोलही आले आणि क्युव्हेटमध्ये (मापनाच्या नळीत) ते २.५ मिलिमोलर झाले. इमिडाझोल स्वतःच हे ॲसिटेट फोडते. सेंद्रिय रसायनाच्या पुस्तकात न्यूक्लिओफिलिक उत्प्रेरणाचे नेहमीचे उदाहरण म्हणून ते दिलेले असते. जीवरसायनवाल्यांच्या डोक्यात मात्र ते "कॉलमवरून प्रथिन उतरवणारे" एवढेच राहते.

नुसता उतारा-बफर घालून मोजले, तर मिनिटाला ०.१८ वाढ मिळाली. एन्झाइमचा एक कणही नसताना. मग एन्झाइम घालून आणि १० मायक्रोमोलर ॲसिटाझोलामाइड देऊन मोजले. हे औषध कार्बोनिक अनहायड्रेज २ला नॅनोमोलर प्रमाणातच घट्ट धरते, म्हणजे एन्झाइम पूर्ण बंद व्हायला हवे. वाढ तरीही ०.१८. डायलिसिसपूर्वीच्या ०.३१ (तक्त्यातले ८४ टक्के) मधून ०.१८ वजा केले की उरतात ०.१३, आणि डायलिसिसनंतरचे रीडिंग होते नेमके ०.१३.

डायलिसिसमध्ये इमिडाझोल तेवढे निघून गेले होते; जस्त सुटलेच नव्हते. ३५ टक्के पहिल्यापासूनच ३५ टक्के होते.

वहीत याचा इशारा आधीपासून होता. सहा महिन्यांपूर्वी एलबीमध्ये वाढवलेल्या पहिल्या बॅचचे रीडिंग ०.५५ आले होते, म्हणजे १४९ टक्के. समासात पेन्सिलीने लिहिले होते : "प्रथिनाची मोजणी कमी आली असावी." आकडा शंभराच्या खाली गेला की सगळे धावपळ करतात, वर गेला की कारण शोधून पुढे जातात. ०.५५ मधून ०.१८ काढले की ०.३७ उरतात. ती बॅच पूर्ण सशक्त होती.

प्रथिनाची मोजणीही एकदा तपासून घेतली, कारण पुढचे सगळे गुणोत्तर तिच्यावर उभे राहणार होते. रंगावरून प्रथिन मोजण्याच्या ब्रॅडफर्ड पद्धतीत अल्ब्युमिन प्रमाण धरलेले असते आणि दोन प्रथिने रंगाला सारखी धरत नाहीत. त्यामुळे २८० नॅनोमीटरचे शोषण घेतले : मोलर शोषणांक सुमारे ५४,०००, म्हणजे ०.५४ शोषणाला १० मायक्रोमोलर. इथेही ब्लँक (प्रथिनाशिवायचे मोजमाप) त्याच बफरचा घ्यायचा, कारण स्वस्त इमिडाझोलमधली अशुद्धी २८०ला बऱ्यापैकी शोषण दाखवते.

तर प्रश्न बदलला. जस्त गेले कुठे हा प्रश्न नव्हताच; ते कधी बसलेच का नाही, आणि त्या जागी काय बसले, हे शोधायचे होते.

एलबीमध्ये यीस्टचा अर्क आणि पचवलेले केसिन असते, त्यातून जिवाणूला नकळत जस्त मिळत राहते. एम९मध्ये जेवढे आपण घालू तेवढेच. या प्रयोगशाळेच्या एम९ कृतीत मॅग्नेशियम होते, कॅल्शियम होते, थायमिन होते; सूक्ष्म धातूंचे मिश्रण नव्हते. आयपीटीजी (जनुक चालू करणारे रसायन) दिल्यावर पेशी भराभर प्रथिन बनवते आणि तिच्याकडचे जस्त संपून जाते. उरलेली साखळी घडी घालून व्यवस्थित तयार होते, पण खड्डा रिकामा राहतो. जेलवर भरलेली आणि रिकामी अशा दोन पट्ट्या दिसत नाहीत. तिथे एसडीएस हे साबणासारखे रसायन प्रथिन उलगडून टाकते, धातू असो वा नसो.

हे रिकामे प्रथिन मग निकेल-एनटीए कॉलमवर गेले. शुद्धीकरणासाठी प्रथिनाला जोडलेल्या शेपटीत सहा हिस्टिडीन, कॉलमवर निकेल, आणि आत तीन हिस्टिडीनांचा रिकामा खड्डा. शिवाय सोयीसाठी उतारा रात्रभर इमिडाझोलमध्येच ४ अंशांवर ठेवला होता, आणि कॉलमचे मणी आठव्यांदा वापरलेले होते. नव्या मण्यांचा निळसर-हिरवा रंग विटून फिकट झाला होता. रंग विटला म्हणजे निकेल सुटते आहे, आणि सुटलेल्या निकेलपैकी काही प्रथिनातच जाते.

नमुने शहरातल्या एका खासगी चाचणी प्रयोगशाळेत आयसीपी-एमएससाठी (धातूंचे सूक्ष्म प्रमाण अणूंच्या वस्तुमानावरून मोजणाऱ्या चाचणीसाठी) पाठवले. अशा ठिकाणी औषध कारखान्यांचे आणि सांडपाण्याचे नमुने रोजचे. अहवाल पीपीएममध्ये (लिटरला मिलिग्रॅम) येतो आणि त्याचे प्रथिनामागे गुणोत्तर आपणच काढायचे असते. हिशेब सोपा आहे. १० मायक्रोमोलर प्रथिनात रेणूमागे एक जस्त असेल तर ६५.४ गुणिले १०, म्हणजे लिटरला ६५४ मायक्रोग्रॅम; निकेल असेल तर ५८७. पहिल्या अहवालात जस्त २३५ निघाले, म्हणजे ०.३६. निकेल ५२८, म्हणजे ०.९. आणि तांबे ४४, म्हणजे ०.०७.

तांब्याने दोन आठवडे खाल्ले. कारण पुस्तकी होते. हॅरी आयर्विंग आणि रॉबर्ट विल्यम्स यांनी १९४८मध्ये मांडलेल्या क्रमात मँगनीजपासून लोह, कोबाल्ट, निकेल अशी पकड वाढत जाते, तांब्यावर शिखर गाठते आणि जस्ताला पुन्हा उतरते. म्हणजे जरा तांबे आले की ते सगळ्यांना ढकलून बसणार. मग पाण्याचा शोध सुरू झाला. नळाला आजव्याचे पाणी, त्यापुढे आरओ, त्यापुढे डीआयओनायझर. जुन्या नळ्या, पितळी तोटी, सगळे तपासून झाले.

तांबे नव्हतेच. नमुना ५० मिलिमोलर सोडियम फॉस्फेटमध्ये होता आणि यंत्र ६३ वस्तुमानावर तांबे मोजत होते. यंत्रातल्या तप्त वायूत, म्हणजे प्लाझ्मात, आर्गॉन ४० आणि सोडियम २३ जोडले गेले की ६३ होतात. फॉस्फरस ३१ आणि ऑक्सिजनचे दोन अणू मिळूनही ६३च होतात. नुसता बफर पाठवला, तर त्यातही तेवढेच "तांबे" निघाले. ६५ वस्तुमानावर मोजले, तर जवळपास शून्य. जस्तालाही हाच सापळा ६४वर आहे, कारण प्रथिनातल्या गंधकाचे आणि ऑक्सिजनचे जोड तिथे येऊन बसतात; म्हणून जस्त ६६वर मोजायला सांगावे. चाचणी प्रयोगशाळेने चूक केली असे म्हणता येणार नाही. त्यांना ब्लँक पाठवलाच नव्हता.

दुसऱ्या खेपेला तीन गोष्टी बदलल्या. थ्रॉम्बिनने हिस्टिडीनची शेपटी कापून काढली, कारण ती स्वतःच निकेल धरून बसते आणि तिच्यावरचे निकेल क्रियाकेंद्रातले समजले जाते. बफर बदलून २५ मिलिमोलर हेपीस केला आणि तो किलेक्स या धातू शोषून घेणाऱ्या रेझिनवरून गाळून घेतला. प्रत्येक नमुन्यासोबत डायलिसिसच्या पिशवीबाहेरचा बफर ब्लँक म्हणून पाठवला. पावडरचे हातमोजेही बंद केले, त्यांतून जस्त येते. काचेऐवजी पातळ नायट्रिक आम्लात रात्रभर भिजवलेल्या प्लास्टिकच्या नळ्या घेतल्या. आता आकडे आले : जस्त ०.३५, निकेल ०.४८. बाकी ०.१७ रिकामे. जस्ताचा आकडा आणि एन्झाइमची ३५ टक्के क्रियाशीलता एकमेकांना भेटले. निकेल बसलेले कार्बोनिक अनहायड्रेज जवळपास निष्क्रिय असते, त्यामुळे तेही जुळले.

एनएमआरचे गूढही इथेच सुटले. क्रियाकेंद्रातल्या निकेलवर दोन अयुग्मित इलेक्ट्रॉन असतात. ते आजूबाजूच्या केंद्रकांचे सिग्नल इतके रुंद करतात किंवा सरकवतात की नेहमीच्या स्पेक्ट्रममध्ये ते दिसेनासे होतात. नमुन्याचा जवळपास निम्मा भाग तसा, सहावा हिस्सा रिकामा, आणि उरलेल्याचे क्षीण सिग्नल. लवचीकतेचा पुरावा म्हणून जे दाखवायचे होते, ते निकेलचे काम होते.

"मग जास्तीचे जस्त घालून टाकू या," हा पहिला उपाय सुचणे स्वाभाविक. तो करून पाहिला गेला आणि फसला. फॉस्फेट बफरमध्ये झिंक सल्फेट टाकताच पांढरा गाळ आला, कारण झिंक फॉस्फेट विरघळत नाही. हेपीसमध्ये गाळ आला नाही, रिकामी १७ टक्के भरलीही, पण निकेल जागचे हलेना. पकड जस्ताची कितीतरी घट्ट असली, तरी आधी बसलेल्याने उठायला हवे आणि ते उठणे फार सावकाश होते.

म्हणून सगळे धातू काढून नव्याने भरले. ५० मिलिमोलर डायपिकोलिनिक आम्ल, पीएच ७.०, ४ अंश, १० किलोडाल्टनच्या गाळणीत प्रथिन आटवायचे, नवे द्रावण घालायचे, असे दिवसभरात पाच वेळा, मग रात्र जाऊ द्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यानंतर किलेक्सवरून काढलेल्या हेपीसने डायपिकोलिनेट पूर्ण धुऊन टाकणे महत्त्वाचे. ते उरले तर नवे जस्तही तेच खाऊन टाकते. धुतल्याची खूण म्हणजे गाळून आलेल्या पाण्याचे २७० नॅनोमीटरजवळचे शोषण बफरइतके खाली येणे. मग रेणूमागे १.१ इतके झिंक सल्फेट, थोडे थोडे, हलवत. ४ अंशांवर एक रात्र. शेवटी छोट्या डीसॉल्टिंग कॉलमने मोकळे जस्त वेगळे. निकाल : जस्त ०.९६, निकेल ०.०२, क्रियाशीलतेचे रीडिंग मिनिटाला ०.३६, म्हणजे ९७ टक्के. प्रथिनाचा एक चतुर्थांश मात्र गाळणीच्या पडद्यावर आणि धुण्यात गेला.

पडताळा म्हणून विल्बर आणि अँडरसन यांची १९४८ची पद्धतही केली : बर्फगार ट्रिस बफरमध्ये कार्बन डायऑक्साइडने संपृक्त पाणी ओतायचे आणि पीएच ८.३ वरून ६.३ वर यायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. पद्धत जुनी, पण एन्झाइमचे खरे काम तीच मोजते. बडोद्यात मे महिन्यात ती सोपी नाही. बाहेर ४२ अंश, टेबलावरचा बर्फ वीस मिनिटांत पाणी, आणि पाणी तापले की त्यातला वायू उडून जातो. बीकर, बफर, पिपेट, पीएच मीटरचा इलेक्ट्रोड, सगळे बर्फात ठेवून सकाळी सातला काम सुरू केले तर आकडे स्थिर येतात. सिलिंडर संपल्यावर दांडिया बाजारातून सोड्याची बाटली आणण्याची सूचना एकाने केली. काही सोड्यात बायकार्बोनेट आणि इतर क्षार घातलेले असतात, आणि मग मोजमाप एन्झाइमचे न राहता सोड्याच्या बफरचे होते. बाटली पिऊन टाकणे उत्तम.

धातू-एन्झाइमांच्या इतिहासात असे गोंधळ नवीन नाहीत. कार्बोनिक अनहायड्रेज १९३३मध्ये सापडले आणि केंब्रिजच्या केलिन आणि मान यांनी त्यातले जस्त १९३९मध्ये दाखवले, सहा वर्षे. जेम्स समनर यांनी अबईच्या जातीच्या दाण्यांतून युरिएज हे एन्झाइम १९२६मध्ये स्फटिकरूपात मिळवले, १९४६चे नोबेलही घेतले, पण त्या स्फटिकांत निकेल आहे हे ब्रिस्बेनच्या गटाने १९७५मध्ये उघड केले. एकोणपन्नास वर्षे ते स्फटिक शुद्ध म्हणून जगभर वापरले जात होते, आणि शुद्ध होतेही. पेप्टाइड डिफॉर्मिलेजची गोष्ट उलटी. त्याला आधी जस्ताचे एन्झाइम मानले गेले, कारण वेगळे करताना त्यातले लोह हवेने ऑक्सिडीकृत होऊन निसटायचे आणि जस्त जागा घ्यायचे. ई. कोलायमध्ये त्याचा खरा धातू लोह निघाला. आपल्या प्रकरणात जस्त खरे आणि निकेल घुसखोर. तिथे जस्तच घुसखोर होते. धातूचे नाव ऐकून बाजू ठरवता येत नाही.

आता प्रबंधाचे काय, हा भाग सगळ्यात अवघड होता. तीन महिन्यांचे बंधन-मापन त्याच मिश्र नमुन्यावर झाले होते. एक मत असे होते की आकड्यांना ०.३५ ने भागून दुरुस्त करावे. औषध किती बांधले गेले, हे प्रमाण तसे दुरुस्त होऊ शकले असते; पण एनएमआरमधल्या सिग्नलच्या जागा भागाकाराने दुरुस्त होत नाहीत. मॅडमनी तो भाग पूर्ण वगळायला लावला आणि परिषदेचा सारांश मागे घ्यायला लावला. हे बरोबरच झाले. पेन्सिलीची नोंद मात्र खोडू नये, असे त्यांनी बजावले. ती आजही वहीत आहे.

नव्या बॅचची कृती बदलली. एम९ला आयपीटीजीबरोबर ५० मायक्रोमोलर झिंक सल्फेट, पातळ स्टॉकमधून, फ्लास्क फिरता ठेवून. एलबीच्या जुन्या कृतीतले १ मिलिमोलर जसेच्या तसे उचलले, तर एम९च्या फॉस्फेटमध्ये गाळ होतो. हिस्टिडीनची शेपटी जनुकातूनच काढून टाकली. निकेलऐवजी कोबाल्टचा कॉलम घ्यावा असे सुचवले गेले होते, पण तो इथे जास्त फसवा. कोबाल्ट बसलेले हे एन्झाइम निळे दिसते आणि जस्ताच्या जवळपास निम्म्याने काम करते, त्यामुळे क्रियाशीलतेवरून घुसखोर पकडणेही कठीण. त्याऐवजी सल्फोनामाइड जोडलेले मणी घेतले. त्यांना रिकामे प्रथिन जवळपास चिकटत नाही, ते आरपार निघून जाते. म्हणजे कॉलम स्वतःच निवड करतो. उतरवायला सोडियम ॲझाइड लागते, तेही जस्ताला धरणारे आणि वर विषारी. म्हणून नंतरचे डायलिसिस चार बफर-बदलांचे, आणि ॲझाइडचे पाणी आम्लात कधीही न मिसळण्याची पाटी सिंकवर लावली.

दोन लिटर माध्यमातून ३८ मिलिग्रॅम प्रथिन मिळाले. जस्त ०.९७, निकेल मोजण्याच्या मर्यादेखाली. एनएमआरमध्ये गायब झालेले सिग्नल परत आले, चार सोडून. ते चार क्रियाकेंद्राच्या तोंडाशी असलेल्या एका वळणातले आहेत. तिथे खरोखरच हालचाल असू शकते, किंवा ॲझाइडचा अंश उरला असू शकतो. पाचव्या डायलिसिसचा नमुना आणि त्याच्या बाहेरचा बफर, दोन्ही नळ्यांवर तारीख टाकून पाठवल्या आहेत.